यमुना गावितनं माफ केलं नव्हतं

यमुना गावित आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

नाशकात इंदिरानगरातलं आमचं घर तेव्हा नवंच होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास होता. भर दुपारी नर्सिंग कॉलेजच्या चार पोरी दारात उभ्या राहिल्या. घरात कुणाला मनाचा काही त्रास आहे का, असं गल्लीभर विचारत निघाल्या होत्या. शेजारणीनं लगेच आमच्या दाराकडे बोट केलं, कारण माझे धाकटे दीर, वसंतभाऊजी, मागच्या ओट्यावर बसून दिवसभर कुणाशी तरी बोलायचे आणि तो कुणीतरी आम्हाला दिसायचा नाही. मी ताटलीत पाण्याचे पेले घेऊन आले. तिघींनी घेतले. चौथी, काळीसावळी, काटकुळी, घट्ट वेणीची, म्हणाली, "मला त्यांच्या हातचं द्या."

"कुणाच्या?"

"ओट्यावर बसलेत त्यांच्या."

माझ्या सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं पोरी, तो वेडा आहे. त्याचा तांब्यासुद्धा आम्ही वेगळा ठेवलाय."

"मग त्याच तांब्यातून द्या," यमुना म्हणाली. "तहान मला लागलीय, मला चालतं."

भाऊजींकडे कुणी काही मागितलेलं मी लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते उठले, तांब्या भरला, थरथरत आणला, निम्मं पाणी स्वतःच्या सदऱ्यावर सांडलं. यमुना उरलेलं घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "अजून थोडं मिळेल का, दादा?" दुसऱ्या वेळी भाऊजींनी थेंबही सांडला नाही. पुढे ती दर आठवड्याला येत राहिली. डॉक्टर मिळाला, गोळ्या सुरू झाल्या, भाऊजी कोपऱ्यावरून दूध आणायला लागले. पण आमच्या घरात औषध त्या पाण्यापासूनच सुरू झालं, असं मी आजही म्हणते.

ही पाण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोरीला ती पाठ आहे, आणि तिच्या शोकसभेतही तीच पुन्हा पुन्हा सांगितली. ऐकायला गोडच आहे. पण नुसती ती सांगितली की यमुना म्हणजे कुणी साध्वी होती असं वाटतं, आणि मला राग येतो. बाई साध्वी नव्हती. बाई डूख धरायची. एकदा धरला की धरला.

ती सुरगाण्याकडची, कोकणा समाजातली. लहान असताना तिच्या मामाला गोठ्यात खांबाला बांधून ठेवलेलं तिनं पाहिलं होतं. तो बैलांशी बोलायचा, तेवढाच त्याचा गुन्हा. मामा त्या खांबाशीच गेला. "तेव्हाच ठरवलं, हेच शिकायचं," ती सांगायची. सांगताना डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. दात आवळलेले.

शिकायला नाशकात आली तेव्हा हॉस्टेलची रेक्टर तिला सगळ्यांसमोर 'रानातली' म्हणायची. रानातले, ताट उचल. रानातले, नळ बंद कर. बरीच वर्षं गेली, यमुना शिकवायला लागली, आणि त्याच रेक्टरबाईंची नात तिच्या वर्गात आली. मला वाटलं, आता ही त्या पोरीला रडवणार. छे! तिनं त्या पोरीला इतकं जीव लावून शिकवलं की पोर वर्गात पहिली आली. निरोपाच्या दिवशी यमुना तिला म्हणाली, "घरी गेलीस की आजीला आठवणीनं सांग. म्हणावं, रानातल्या बाईनं शिकवलं." पोरीनं सांगितलंही. आजी दोन घास कमी जेवल्या म्हणे. हे मला सांगताना यमुना इतकी हसली की चहा बशीत सांडला.

मी म्हटलं, "केवढी गं तू दीर्घद्वेषी!"

"शकूताई," ती म्हणाली, "मी नर्स आहे. विसरणाऱ्या नर्सच्या हातून माणसं मरतात."

ट्यूटर म्हणून नोकरी लागल्यावर तिनं आमची वरची खोली भाड्यानं घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे असिस्टंट प्रोफेसर झाली, प्रोफेसर झाली, पण राहिली त्याच खोलीत. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलेली. पुढचं सगळं यमुनाच्या टेबलाशी बसून शिकले. ती पेपर तपासायची, मी बाजूला तिची पुस्तकं चाळायची, अडलं की विचारायची. तिनं मला कधी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हटलं नाही. लग्न मात्र केलं नाही. मी दोन चांगली स्थळं आणली तर म्हणाली, "एका वेळी एकच भांडण झेपतं मला, ताई."

ते भांडण कुठलं, तेच सांगायचंय मला.

कॉलेजच्या मुली सुरगाण्याला जीपनं जायच्या, मनाचं दुखणं असलेल्या लोकांना घरी जाऊन भेटायच्या. दिवाळीनंतर गेल्या की निम्म्या झोपड्यांना कुलूप. मग आरोग्य केंद्रात त्या माणसाच्या नावापुढे लिहायचे, 'औषध सोडले, सहकार्य करत नाही.' मॅडम लोकही मान डोलावायचे, की आदिवासींना गोळ्यांचं महत्त्व कळत नाही. यमुनाला ठाऊक होतं ही माणसं कुठे जातात. भात-नागली निघाली की जीपमध्ये कोंबून खाली द्राक्षाच्या बागांकडे उतरतात. तिचे आईबाप तसेच उतरायचे.

तिनं सुट्टी टाकली आणि दिंडोरीकडच्या बागा पायाखाली घातल्या. एका बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपडीत तिला सोमी भेटली. नावापुढे 'सहकार्य करत नाही' लिहिलेली सोमी. तिच्या पदराला गाठ होती आणि गाठीत गोळ्यांची रिकामी पट्टी. कुणी कधी विचारलं तर दाखवायला, की हीच गोळी हवी, असलीच द्या. दिवाळीपासून सोमी ती पट्टी पदरात बांधून द्राक्षाचे घड विरळत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

यमुना त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. मग तिनं रीत बसवली. माणूस डोंगरातून निघाला की गावातल्या आशाताईनं बागेकडच्या नर्सला कळवायचं. मुकादमाला विश्वासात घ्यायचं. आमच्या पोरींनी बागेत जाऊन भेट घ्यायची, गोळ्या द्यायच्या, हातचं पाणी प्यायचं. माणूस परत वर गेला की भेटही त्याच्यामागे वर जायची. तिनं नाव दिलं, 'चालती गृहभेट'. मुकादमांच्या शिव्या खाल्ल्या, बागेतली कुत्री मागे लागली, पण तीन हंगाम चालवून दाखवलं. सोमी त्यातल्या दुसऱ्याच हंगामात मुकादमाशी भांडायला लागली. यमुना म्हणाली, "भांडतेय म्हणजे बरी आहे."

तेव्हा विभागाच्या प्रमुख होत्या नलिनी मॅडम. गोरटेल्या, गोड गळ्याच्या, सुती साड्या अशा कडक नेसायच्या की बघत राहावं. यमुनानं सगळं काम नीट लिहून त्यांच्याकडे नेऊन दिलं. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, म्हणाल्या, "शाबास गं. मी बघते याचं काय करायचं ते."

आणि केलं. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये परिषद भरली, बाहेरगावची मोठी माणसं आली. यमुनानं मलाही नेलं. मी ठेवणीतली पैठणी नेसून पहिल्या रांगेत. नलिनी मॅडम माइकवर उभ्या राहिल्या, पडद्यावर द्राक्षाच्या बागा, ताडपत्रीची झोपडी, सोमी. 'चालती गृहभेट : माझा एक प्रयोग.' माझा! इंग्रजी बरंच होतं, पण तेवढं मला वाचता येत होतं. शेवटी आभाराची यादी. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'दुभाषी – कु. यमुना गावित.'

मी बावळट, पडद्यावर तिचं नाव दिसलं म्हणून टाळ्या वाजवल्या. शेजारी पाहिलं तर यमुनाचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत अडकवलेले. सगळा हॉल टाळ्यांनी दणाणतोय आणि ती नुसती बघतेय.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. काय झालं ते तिनं आल्या आल्या मला नलिनी मॅडमच्या आवाजात करून दाखवलं. "अगं यमुना, संशोधन म्हणजे टीमवर्क असतं. माझ्या नावानं गेलं तर वजन पडतं. आणि तू कोट्यातून इथवर आलीस, ते काय कमी आहे? जपून चाल."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, मॅडम, दुभाषी म्हणून एवढंच सांगते, तुम्ही जे बोललात ते मला नीट कळलं."

त्या दिवसापासून 'दुभाषी म्हणून सांगते' हे तिचं पालुपद झालं. दूधवाल्याशी भांडली तरी दुभाषी म्हणून. विद्यापीठाच्या बाबूला झापलं तरी दुभाषी म्हणून. पोरींना वाटायचं मॅडम विनोद करतात. विनोद नव्हता तो. जखम उघडी ठेवायची तिची पद्धत होती ती.

दुसऱ्या कॉलेजात चांगल्या जागा चालून आल्या. मी म्हटलं, जा गं, कशाला या बाईचं तोंड बघतेस? ती म्हणाली, "मी गेले की ते तिचं होईल. मी इथंच तिच्या डोळ्यांसमोर राहणार. तिनं रोज मला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं आणि रोज तिला आठवायला पाहिजे." नलिनी मॅडम त्या कामावर गावोगाव व्याख्यानं द्यायला लागल्या. जवळपास असलं की यमुना जाऊन पहिल्या रांगेत बसायची. टाळी कधी वाजवली नाही. मॅडम बोलता बोलता तिच्या हातांकडे बघायच्या आणि पाणी प्यायच्या. मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. मला फार बरं वाटलं होतं.

सगळ्यात वाईट झालं ते पीएचडीच्या वेळी. यमुनानं हट्टानं तोच विषय घेतला. तर मार्गदर्शक म्हणाले, या विषयातलं मूळ काम नलिनी मॅडमचं आहे, त्याचा हवाला दिल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही. तशी रीतच आहे म्हणे विद्यापीठात. ज्याचं आधी छापलं त्याचं नाव घ्यायचं. तिनं वर बसून स्वतःच्याच प्रबंधात लिहिलं, 'नलिनी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे...' मी मुद्रितं वाचून दाखवत होते. ते वाक्य आलं की मी थांबायची. ती म्हणायची, "वाचा ताई, थांबू नका. स्वतःच्या घरात शिरायला मला दुसऱ्याची बेल वाजवायला लागतेय, वाजवू द्या." डॉक्टरेट मिळाली. लोकांनी हार घातले. ती हार घालून वर आली, हार काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "मी नाय सोडायची तिला." राग अनावर झाला की तिची गावाकडची बोली वर यायची.

आता तुम्ही म्हणाल, मग हिनं केलं काय एवढं? तर ऐका.

नलिनी मॅडमना एकच मुलगा, समीर. इंजिनीअरिंगला बाहेर होता, तो मध्येच घरी आला. मॅडम लोकांना सांगायच्या, परदेशी गेलाय. तो होता देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्यात, मागच्या खोलीत, पडदे लावून. अंघोळ नाही, जेवण नाही, पंख्यातून कुणी आपल्याला बघतंय म्हणून पंख्याला कापड गुंडाळलेलं. जन्मभर मनोरुग्णांच्या सेवेवर भाषणं देणारी बाई, आणि स्वतःच्या पोराला दडवून बसलेली. शेवटी एक दिवस माझा फोन वाजला. थेट यमुनाला करायचं धाडस झालं नाही त्यांना. "शकुंतलाबाई, यमुनाला म्हणावं, एकदा येऊन जा. पण एकटीच ये. गणवेश नको, कॉलेजची गाडी नको. कॅम्पात सगळे ओळखीचे आहेत हो."

मला काय आनंद झाला सांगू! जिन्यानं धावतच वर गेले. म्हटलं, यमुना, देवानं तुझ्या हातात दिलीय बघ! कॉलेजची गाडी घे, सगळ्या पोरी घे, बँड लावून जा!

यमुना पेपर बाजूला सारून उठली. "शकूताई," ती म्हणाली, "तो मुलगा जेवत नाहीय. मला सूड आईवर घ्यायचाय. पोरानं माझं काय घेतलंय?"

साधी साडी नेसली, बस पकडली आणि गेली. मग दर आठवड्याला जात राहिली, कितीतरी महिने. समीर दार उघडायचा नाही तेव्हा दाराबाहेर पाटावर बसून बंद दाराशी बोलायची. पाणी मागायची. एके दिवशी दार फटीएवढं उघडलं आणि पेला बाहेर आला.

मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. नलिनी मॅडमनी चहा आणला, चांगल्या चिनी मातीच्या कपांत, बरोबर खारी. मी घेतला, खोटं कशाला बोलू. यमुनानं कपाला हात लावला नाही. मॅडम म्हणाल्या, "घे ना गं." ही म्हणाली, "झालंय माझं. समीरनं पाणी दिलं." चहावर साय धरली. मॅडम त्या कपाकडे बघत होत्या आणि ही समीरच्या झोपेबद्दल विचारत होती, अगदी मऊ आवाजात. जितके महिने ती गेली तितके महिने दर खेपेला तो कप तसाच परत गेला म्हणे. समीर बरा झाला. कॅम्पातल्याच एका नर्सरीत रोपांचं काम करायला लागला, अजून करतो. पण त्याच्या आईला कळलं नाही. तिला वाटलं, यमुना आली म्हणजे सगळं मिटलं.

"मिटलं?" मी एकदा विचारलं.

"औषधपाणी सगळ्यांना मिळतं, ताई. ते माझं काम आहे. माफी माझ्या कामात येत नाही. ती माझी स्वतःची आहे, आणि मी ती देणार नाही."

मग दोन वर्षांपूर्वी यमुनाला पोटाचं दुखणं निघालं. निघालं तेच पसरलेलं. माझे यजमान आणि भाऊजी तोवर गेलेले, मी मोकळीच होते, दिवसभर दवाखान्यात तिच्याजवळ बसायची. पोरींची रीघ लागलेली असायची. पडल्या पडल्या त्यांना बागेतल्या भेटी विचारायची, मुकादमाचं नाव चुकलं तर डोळे मिटून दुरुस्त करायची.

एका सकाळी नलिनी मॅडम आल्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, साडी मात्र तशीच कडक. खुर्ची ओढून बसल्या आणि रडायला लागल्या. "यमुना, माझं चुकलं गं. ते काम तुझं होतं. मला माफ कर."

मी म्हटलं, झालं एकदाचं. आता ही पण रडेल, दोघी गळ्यात पडतील, मी पण डोळे पुसेन. यमुना म्हणाली, "इथं नको."

"म्हणजे?"

"इथं कोण आहे? शकूताई आणि सलाइनचा स्टँड. दोघांनाही आधीपासून माहीत आहे. जिथं घेतलंत तिथं सांगा. त्याच हॉलमध्ये, माइकवर, लोकांसमोर. मी ऐकेन, आणि त्याच क्षणी माफ करेन. शब्द देते."

"अगं, मी आता रिटायर झाले, माझं कोण ऐकणार?"

"तुमचं नेहमी ऐकतात, मॅडम."

"बरं, तू बरी हो आधी. मग आपण..."

"मी बरी होणार नाही. तुम्ही पण नर्स आहात. पायाशी चार्ट लावलाय, वाचा."

मॅडमनी चार्ट वाचला नाही. 'करीन गं, नक्की करीन' असं म्हणत पदर तोंडाला लावून गेल्या. यमुना बराच वेळ दाराकडे बघत पडली होती. मग म्हणाली, "नाही करायची ती." आठवडा गेला, दुसरा गेला. हॉल होता, माइक होता, कॉलेजात कार्यक्रमही झाले. मॅडम आल्या नाहीत. यमुना रोज विचारायची, "काही कळलं?" मी नाही म्हणायची. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. एवढं बळ तिच्यात उरलं असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "मी गेले की ती गोड बोलेल. म्हणेल, यमुनानं माफ केलं. तिला तसं बोलू देऊ नका, ताई. बाकी काही नको मला."

"अगं पण मी कोण बोलणारी? मोठमोठी माणसं असतील."

"तुम्हाला भीती कशाची? तुमचं प्रमोशन थोडंच अडणार आहे!"

हसली. ते तिचं शेवटचं हसणं. दोन दिवसांत गेली.

शोकसभा त्याच हॉलमध्ये. हारातला फोटो, उदबत्ती, पांढऱ्या साड्या. एकेकजण बोलत होतं. पाण्याची गोष्ट झाली, सोमीची झाली, सुरगाण्याहून आलेल्या आशाताई बोलता बोलता रडल्या. समीर मागे भिंतीला टेकून उभा होता. मग नलिनी मॅडमना बोलावलं. त्यांनी माइक हातात घेतला, गळा तोच गोड. म्हणाल्या, "यमुना माझी लाडकी विद्यार्थिनी. 'चालती गृहभेट'च्या आमच्या प्रयोगात तिचा मोलाचा वाटा होता." आमच्या! मोलाचा वाटा! "मध्ये आमच्यात काही गैरसमज झाले. पण तिचं मन आभाळाएवढं. जाण्याआधी तिनं मला जवळ घेतलं आणि सगळं माफ केलं."

लोकांनी माना हलवल्या. कुणी नाक ओढलं. आणि मी उभी राहिले. गुडघे दुखत होते, त्यामुळे पुढच्या खुर्चीला धरून उठले.

"खोटं आहे," मी म्हटलं. माइक नव्हता, पण गल्लीत भाजीवाल्याला हाक मारायची सवय, आवाज पोचला. "यमुनानं तुम्हाला माफ केलं नाही. मी तिथं बसले होते. तिनं तुम्हाला जवळ घेतलं नाही, तुम्हाला चार्ट वाचायला सांगितलं. ती म्हणाली, जिथं माझं काम घेतलंत तिथं उभं राहून परत करा, मग माफ करते. तुम्ही हो म्हणालात आणि फिरकला नाहीत. ती रोज विचारत होती, काही कळलं का. रोज. मरेपर्यंत विचारत होती, बाई! आता हॉल तोच आहे, माइक तुमच्या हातात आहे. बोला."

सूत्रसंचालन करणारी मुलगी माझ्याकडे यायला निघाली, 'आजी, बसा ना, बसा' म्हणत. मागून समीरचा आवाज आला, "बसू नका, आजी." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "आई, सांग ना."

नलिनी मॅडम फोटोकडे बघत उभ्या होत्या. मग माइकमध्ये बोलल्या. गळा गोड नव्हता, खरखरीत होता. "चालती गृहभेट माझी नव्हती. मी एकही बाग पाहिलेली नव्हती. ते सगळं यमुनाचं होतं. मी घेतलं." माइक टेबलावर ठेवला, त्याचा केवढा तरी मोठा आवाज झाला. आशाताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि फोटोकडे बघून मोठ्यांदा म्हणाल्या, "आयकलं का गं यमुने?"

सभा संपल्यावर मी चपला शोधत होते तर नलिनी मॅडम आल्या. माझा हात धरला. "शकुंतलाबाई, बोलले मी. सगळ्यांसमोर बोलले. आता तरी... ती असती तर आता तरी म्हणाली असती ना?"

खरं सांगायचं तर म्हणाली असती. शब्दाची पक्की होती, त्याच क्षणी म्हणाली असती. माझ्या तोंडातून 'हो' बाहेर पडलं असतं तर ती म्हातारी बाई सुखानं घरी गेली असती. पण समोर मला दोन आठवडे दाराकडे बघत पडलेली यमुना दिसत होती.

"मला कशाला विचारता?" मी म्हटलं. "ती होती तेव्हा तिला विचारायचं होतं. माफी तिची होती, ती घेऊन गेली. मला तिनं ती वाटायला दिलेली नाही."

त्या तशाच उभ्या राहिल्या, मी बोटं सोडवून घेतली तरी. समीर त्यांना दंडाला धरून गाडीकडे घेऊन गेला. मी रिक्षा केली, घरी आले, दोन भाकरी थापल्या, आणि यमुना गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.